नाव आईबाप ठेवतात : अद्भुत कथेतील पुरुषपात्रांच्या नावांविषयी

तुमचे पत्र आणि सोबतची चाळीस नावांची यादी मी दोनदा वाचली. घाटवाट जिथे कोकणात उतरते, तिथल्या एका कल्पित बंदराची अद्भुत कथा तुम्ही लिहीत आहात. किनाऱ्यावरचे दर्यावर्दी, घाटमाथ्यावरचे गढीवाले आणि समुद्रापलीकडून आलेले व्यापारी असे तीन समाज तिच्यात नांदतात, आणि त्यांतील पुरुषांना शोभतील अशी, मूळ आणि अर्थ ठाऊक असलेली नावे कशी निवडावीत, हे तुम्ही विचारले आहे. नायकाला तुम्ही अग्निवीर म्हटले आहे, त्याच्या परदेशी मित्राला एल्ड्रिन आणि खलनायकाला क्रूरसेन. मुंबईत गेली पंचवीस वर्षे मी अशा कथांची हस्तलिखिते संपादनासाठी वाचत आलो आहे, आणि बहुतेक नवे लेखक ज्या ठिकाणी अडतात नेमक्या त्याच ठिकाणी तुम्हीही अडला आहात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे बारशाला आत्या पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगते. कोणतेही नाव पक्के करण्याआधी हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. क्रूरसेन हे नाव कोणती आत्या कोणत्या बाळाच्या कानात सांगेल? हे नाव त्या मुलाच्या घराने ठेवलेले नाही. लेखकाने त्याच्या पुढच्या कृत्यांचा निकाल आधीच लावून त्याच्या कपाळावर चिकटवले आहे. कथेतील माणसाचे नाव त्याचे आईबाप ठेवतात, लेखक ठेवत नाही, आणि ते ठेवताना त्यांना मुलाचे भविष्य ठाऊक नसते; त्यांच्यापाशी असते ती त्यांची भाषा, त्यांचे कुलदैवत, त्यांची भीती आणि त्यांची आशा. नावाचे मूळ आणि अर्थ शोधायचे ते या चार ठिकाणी. नावांच्या याद्या चाळून ते हाती लागत नाहीत.

महाभारतात या गोष्टीचे भान फार सूक्ष्म आहे. दुर्योधन या नावाचा अर्थ ‘ज्याच्याशी लढणे कठीण’ असा होतो, आणि क्षत्रियाच्या घरी यात निंदेचा अंशही नाही. कोणत्याही राजाने आपल्या मुलासाठी हेच मागितले असते. त्याचा सावत्र भाऊ युयुत्सू. युयुत्सू म्हणजे युद्धाची इच्छा असणारा, आणि धृतराष्ट्राच्या मुलांपैकी युद्ध सुरू होण्याच्या क्षणी कौरवांची बाजू सोडून पांडवांकडे जाणारा आणि शेवटी जिवंत उरणारा हाच. नाव आणि माणूस यांच्यातील हे अंतर वाचकाला कोणी समजावून सांगत नाही. ते त्याचे त्याला कधीतरी उमगते आणि मग तो ते नाव विसरत नाही. तुमच्या खलनायकाच्या नावाकडे मी शेवटी परत येईन, पण त्याचे नाव चांगले असू द्या, त्याच्या बापाला अभिमान वाटावा इतके चांगले, एवढे आताच सांगून ठेवतो.

आता मूळ कुठून घ्यायचे ते पाहू. तुमचे बंदर कल्पित असले, तरी ज्या भूमीवर ते उभे आहे तिच्या दगडांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुरुषांची नावे अजून वाचता येतात, आणि आजच्या वाचकाला ती एकाच वेळी अनोळखी आणि आपली वाटतात. अद्भुत कथेला यापेक्षा चांगला साठा मिळणार नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती नाहीत, पण त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे उरली आहेत. राजा सिमुक सातवाहन, राणी नायनिका, श्री सातकर्णी, महारठी (हा त्या काळचा एक मोठा हुद्दा) त्रणकयिर, कुमार हकुसिरी. यातील हकुसिरी हे नाव मी प्रथम वाचले तेव्हा ते दूरच्या कुठल्यातरी भाषेतील असावे असेच मला वाटले होते. ते शक्तिश्री आहे. बोलणाऱ्यांच्या जिभेवर ‘श’चा ‘ह’ झाला, जोडाक्षर मोडले, श्रीची सिरी झाली, आणि एक पूर्णपणे नवा चेहरा तयार झाला.

कार्ल्याच्या चैत्यात राजांपेक्षा साधी माणसे अधिक भेटतात, आणि तुमच्या कामाला तीच अधिक उपयोगी पडतील. वैजयंती नगरीचा शेठ भूतपाल तिथे आहे, ज्याने हे शैलगृह पूर्ण केले. धेनुकाकट गावचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, सिहदत आहे. सिंहदत्त हे त्याचे संस्कृत रूप. त्याच गावचा सुतार सामी आहे, वेणुवासाचा मुलगा. महारठी अगिमित्रणक आहे, ज्याने सिंहस्तंभ दिला. अग्निमित्र या नावाला ‘णक’ हा प्रत्यय लागून आणि मधला ‘न’ गळून ते तयार झाले आहे. आणि धेनुकाकटाचा एक यवन, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परका, आहे, सिहधय, म्हणजे सिंहध्वज. हा शेवटचा दाता मला विशेष प्रिय आहे, कारण लेख त्याला यवन म्हणतो आणि नाव मात्र इथले सांगतो. परक्या देशातून आलेल्या समाजात इतके मुरलेले नाव कधी येते, कोण ठेवते, पहिल्या पिढीत की तिसऱ्या, या एका प्रश्नात एक संपूर्ण प्रकरण दडलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांत याउलट इरिल नावाचा यवन आहे. त्याने आपले नाव बदललेले दिसत नाही. दोघेही दान देतात, दोघेही त्याच डोंगररांगांत वावरतात, पण एकाचे नाव मिसळून गेले आणि दुसऱ्याचे वेगळे राहिले. तुमच्या व्यापाऱ्यांमध्ये हे दोन्ही प्रकार असायला हवेत.

या नावांतून जी पद्धत हाती लागते ती अशी : संस्कृत नाव घ्यावे आणि ते माणसांच्या तोंडात झिजू द्यावे. प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या बोलीत, ही झीज मनमानी नव्हती, तिला वळण होते. जोडाक्षरातील एक व्यंजन गळते किंवा दुसऱ्यासारखे होते, म्हणून अग्नीचा अगि आणि मित्राचा मित झाला. ‘क्ष’चा ‘ख’ होतो, म्हणून रक्षितचा रखित. ‘ऋ’ कुठे अ, कुठे इ, कुठे उ होते, म्हणून कृष्णाचा कण्ह आणि पुढे आपला कान्हा. आमच्या बोरिवलीच्या कान्हेरीचे नावही कृष्णगिरीवरून कण्हगिरी असेच उतरत आले आहे. शूर्पारकाचे सोपारे झाले ते याच वाटेने. हे वळण एकदा कानात बसले की तुम्ही स्वतः नावे घडवू शकता. समुद्ररक्षित घ्या आणि समुदरखित करा. इंद्रगुप्ताचा इंदगुत होईल, चित्रसेनाचा चितसेन, वज्रदत्ताचा वइरदात. अर्थ आत शाबूत राहतो, आणि ज्या वाचकाला तो शोधायचा आहे त्याला शोधता येतो. घाटमाथ्यावरच्या गढीवाल्यांना पूर्ण, ताठ, संस्कृत रूपे द्या आणि किनाऱ्यावरच्यांना झिजलेली. मग चितसेन आणि चित्रसेन हे एकाच मुळाचे दोन पुरुष समोरासमोर उभे राहिले, की त्यांच्यामधील सामाजिक उतरंड तुम्हाला वेगळी सांगावी लागणार नाही.

नाव बदलत जाणे म्हणजे घराणे बदलत जाणे, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पश्चिम क्षत्रप या राजघराण्याचे आहे. हे शक, बाहेरून आलेले. यसामोतिकाचा मुलगा चष्टन, चष्टनाचा जयदामन, जयदामनाचा रुद्रदामन. चार पिढ्यांची ही चार नावे ओळीने मोठ्याने वाचून पाहा. पहिली दोन या मातीतील नाहीत हे कानाला लगेच कळते, तिसऱ्यात ‘जय’ आला, चौथ्यात ‘रुद्र’ आला, आणि याच रुद्रदामनाने जुनागढच्या खडकावर संस्कृतात लेख कोरवला. क्षहरात घराण्यातील राजा नहपानाचा जावई उषवदात हाही शक; त्याच्या बापाचे नाव दीनीक, आणि उषवदात म्हणजे ऋषभदत्त. बापाचे नाव परके, मुलाचे इथले. तुमच्या कथेत व्यापाऱ्यांच्या तीन पिढ्या आहेत आणि तुम्ही तिघांनाही सारख्याच घाटाची परकी नावे दिली आहेत, त्यामुळे तीस-चाळीस वर्षे इथे राहून त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही असा अर्थ निघतो.

नहपानाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे त्याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका नावावर दुसरे नाव. जिंकणारा प्रथम जिंकलेल्याचे नाव पुसतो, हे राजकारण तुमच्या शेवटच्या भागात आहेच. मग नाणी, दरवाजे, होड्या यांवरची नावे तिथे कोण खोडते हे अवश्य दाखवा. आणि गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावे आईच्या गोत्रावरून घेतलेली आहेत, याचाही विचार करा. तुमच्या दर्यावर्दी समाजात पुरुष वर्षातील आठ महिने समुद्रावर असतात. अशा समाजात मुलगा कोणाच्या नावाने ओळखला जाईल? मला तरी उत्तर स्पष्ट दिसते.

समुद्रापलीकडच्या लोकांकडे वळतो. एल्ड्रिन या नावाला माझी हरकत ते परके आहे म्हणून नाही. त्या आवाजाची नावे ज्या परंपरेतून येतात, ती जुन्या इंग्रजीची परंपराही आपल्यासारखीच दोन शब्द जोडून नाव घडवणारी होती : आल्फ्रेड म्हणजे एल्फ या अद्भुत जीवांचा सल्ला लाभलेला, एडवर्ड म्हणजे संपत्तीचा रक्षक. अलेक्झांडर या ग्रीक नावाचा अर्थही माणसांचा रक्षणकर्ता असाच आहे. तुम्ही त्या परंपरेचा आवाज घेतला, पण आतली जोडणी घेतली नाही, म्हणून एल्ड्रिन पोकळ वाजतो. आणि आपल्या किनाऱ्यावर जी जहाजे शतकानुशतके लागत आली ती अरबस्तान, इराण आणि यवनदेशाच्या बाजूची. मग तुमच्या कथेतील वारा तरी वेगळ्या दिशेने का वाहावा?

मुंबईत राहणाऱ्याला यासाठी दूर जावे लागत नाही. दादर पारशी कॉलनीतून चालत गेलात तर जमशेद, अर्देशीर, कैखुश्रू, बहमन ही नावे पाट्यांवर दिसतील, आणि ही चारही नावे आपल्या भाषेची चुलतभावंडे आहेत. जमशेद म्हणजे अवेस्तातील, म्हणजे पारशी धर्मग्रंथातील, यिम ख्शएत, तेजस्वी यिम, आणि यिम हा वेदांतील यमच. कैखुश्रूमधील खुश्रू हा हओस्रवह, म्हणजे संस्कृत सुश्रवस्, ज्याची कीर्ती चांगली. बहमन म्हणजे वोहु मनह, आपल्या शब्दांत वसु मनस्, चांगले मन. अर्देशीर हे ज्या प्राचीन सम्राटांच्या नावापासून झिजत आले, त्याचे दोन घटक ऋत आणि क्षत्र यांचे सख्खे भाऊ आहेत. या साऱ्यांत एक साधा नियम दिसतो, की संस्कृतातील ‘स’ तिकडे ‘ह’ होतो : सप्त तिकडे हप्त, सोम तिकडे हओम, असुर तिकडे अहुर. हा नियम उचला. सुमित्र हे नाव त्या बाजूला हुमिथ्र होईल, सुदंत हुदंत होईल, सुश्रव हुस्रव होईल. तुमचा वाचक भाषाशास्त्रज्ञ नसेल, पण पाचसहा नावे एकाच नियमाने वळलेली असली, की ती माणसे एकाच देशाची आहेत हे त्याला न सांगता कळते. एका समाजाची नावे एकाच नियमातून आलेली असावीत, हा माझा आग्रह आहे, आणि तो मी सहसा सोडत नाही.

पण परदेशी नाव बंदरात उतरल्यावर तसेच राहत नाही, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. ग्रीक राजा मेनांद्रोस पाली ग्रंथात मिलिंद झाला, आणि आज मराठी घरांत मिलिंद हे नाव इतके आपले झाले आहे की ते परके होते हे कोणाच्या मनातही येत नाही; संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा असा अर्थही भेटतो. अरबी अमीर इकडे हम्मीर झाला आणि पुढे हंबीरराव. फिरंगोजी या नावात फिरंग आहे, हैबतरावात अरबी हैबत म्हणजे दरारा, दौलतरावात दौलत. मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली ती अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून, असे परंपरा सांगते. पिराचे नाव घेतले आणि पुढे आपला ‘जी’ लावला. कोकणातील बेने इस्राएली, म्हणजे ज्यू, समाजाने हेच केले. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली ज्यांनी बांधले, त्या सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांना लोक समाजी हसाजी म्हणत. सॅम्युएलचा समाजी, इझेकिएलचा हसाजी, आणि आडनाव दिवे गावावरून. एका माणसाच्या नावात जेरुसलेमपासून रायगड जिल्ह्यातील गावापर्यंतचा प्रवास मावला आहे. जी नावे कागदावर आखून घडवली जातात त्यांना ही सर येत नाही, कारण इथे नाव ठेवणारे एक आणि हाक मारणारे दुसरेच आहेत.

हाक मारणाऱ्यांविषयी तुमच्या हस्तलिखितात काहीच नाही, आणि ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. चाळीसही माणसांना प्रत्येक जण नेहमी पूर्ण नावाने हाक मारतो. मराठी माणूस असे कधी करत नाही. एकच विठ्ठल आईला विठू असतो, मित्रांना विठ्या, वयाने वाढला की विठोबा, हाती थोडे पैसे आले की विठ्ठलशेट, आणि दरबारी कागदात विठ्ठलराव किंवा विठ्ठलपंत. नामदेवांच्या चार मुलांची नावे परंपरेने नारा, म्हादा, गोंदा, विठा अशीच जपली आहेत. नारायण, महादेव, गोविंद, विठ्ठल ही त्यामागची पूर्ण नावे, पण ती अंगणात कोणी उच्चारली नाहीत. तुमच्या कल्पित भाषेलाही असे प्रत्यय द्या : एक मायेचा, एक सलगीचा, एक मानाचा. मग ज्या दिवशी जिवलग मित्र नायकाला अचानक मानाच्या प्रत्ययाने हाक मारील, त्या दिवशी मैत्री तुटली हे एका अक्षराने कळेल. मात्र आपल्याकडील जे प्रत्यय एखाद्या विशिष्ट जातीच्या इतिहासाशी बांधलेले आहेत, ते केवळ आवाज आवडला म्हणून उचलू नका. त्यांच्यामागे माणसांनी सोसलेले आयुष्य आहे, आणि वाचकांपैकी कोणाच्या तरी आजोबांचे नाव तेच असते.

देवतांवरून आलेल्या नावांत नेहमीच्या चार-पाच मोठ्या देवांपाशी थांबण्याचे कारण नाही. बहिर्जी या नावात बहिरोबा म्हणजे भैरव आहे, संभाजीत शंभू, मल्हारीत मल्ल दैत्याचा अरी म्हणजे शत्रू. गावाच्या वेशीवरचा देव ज्या घराला राखतो, त्या घरात त्याचे नाव येते. तुमच्या बंदराचा देव कोण हे तुम्ही दुसऱ्या प्रकरणात सुंदर लिहिले आहे, भरतीच्या पाण्यात बुडणारा आणि ओहोटीला दिसणारा दगड. पण चाळीस पुरुषांत एकाचेही नाव त्या देवावरून नाही. निम्म्या मच्छीमारांचे तरी असायला हवे. वारली समाजात सोमा, बुध्या, शुक्र्या अशी जन्मवारांवरून नावे ठेवतात. तुमच्या लोकांची कालगणना भरती-ओहोटीवर चालते, तर भरतीला जन्मलेला आणि ओहोटीला जन्मलेला यांची नावे वेगळी का नसावीत?

आवाजाविषयी थोडे. मराठी शब्द ‘ण’ किंवा ‘ळ’ने सुरू होत नाही, ज्या जमातीच्या नावांची सुरुवात ‘ण’ने होईल ती आपल्या कानाला तत्काळ परकी वाटेल, आणि नावाच्या पोटातला ‘ळ’ मात्र लगेच घरचा वाटेल, जसा पुळुमावी या सातवाहन राजाच्या नावात. घ, झ, ढ, ध, भ या वर्णांना वजन आहे, हे घटोत्कच आणि धृष्टद्युम्न उच्चारून पाहिले की कळते, पण प्रत्येक योद्ध्याला ते दिले तर त्याचा परिणाम उरत नाही. ‘च’ आणि ‘ज’ यांचे आपल्याकडे दोन उच्चार आहेत : चंद्रसेनातला तालव्य, चांगदेवातला दंत्य. नवे घडवलेले नाव वाचक कोणत्या उच्चाराने वाचेल याची खात्री नसेल, तर ते अक्षर टाळावे. ठाण्याला राजधानी ठेवून या आपल्या साष्टी-मुंबईवर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या वंशावळीत झंझ, गोग्गी, वप्पुवन्न, छित्तराज, मुम्मुणी अशी घट्ट, देशी वळणाची नावे आणि अपरादित्य, अनंतदेव अशी सुघड संस्कृत नावे एकाच घरात नांदतात. अस्सल वंशावळ अशीच असते. तुमच्या राजवंशातील सातही राजांची नावे ‘सेन’ने संपतात, एकदोन ठिकाणी तो धागा तोडा.

डोळ्यांचाही विचार करावा लागतो. देवनागरीत भ-म, घ-ध, ब-व ही अक्षरे भरभर वाचताना एकमेकांत मिसळतात. माझ्याच एका जुन्या कथेत धनक आणि घनक असे दोन भाऊ होते. गिरगावातील एका छोट्या वाचनात श्रोत्यांना ते वेगळे वाटले, पण छापून आल्यावर अनेक वाचकांनी दोघांना एकच समजून पत्रे लिहिली. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून प्रमुख पात्रांची आद्याक्षरे मी वेगवेगळी ठेवून घेतो. इंग्रजी अद्भुत कथांत नावाच्या मधोमध अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह (’) टाकण्याची पद्धत आहे, ती तुम्ही दोन ठिकाणी घेतली आहे; देवनागरीत ते चिन्ह छपाईची चूक वाटते.

यापेक्षाही महत्त्वाची परीक्षा विभक्तीची आहे. मराठीत नाव एकटे राहत नाही, त्याला ने, ला, चा, हून लागतात, आणि संबोधन होते. म्हणून प्रत्येक नाव वाक्यात घालून पाहावे : उषवदाताने, हकुसिरीला, चष्टनाचा. ही सहज चालतात. तुमच्या यादीतील ‘थ्रांक्स’ घ्या आणि ‘थ्रांक्साच्या घोड्यावरून’ असे लिहून पाहा, म्हणजे अडचण कळेल. कानाने परीक्षा करायची तर गच्चीवर जाऊन ते नाव दूरच्या माणसाला हाक मारल्यासारखे उच्चारावे. जे नाव हाकेत लांबवता येत नाही, ते समुद्रावरच्या माणसाचे नाव असू शकत नाही.

अर्थाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. बाळांच्या नावांच्या ज्या याद्यांवरून तुम्ही पंधरा-सोळा नावे घेतली आहेत, त्यांतील अर्थ पुष्कळदा रचलेले असतात. रेयांशसारख्या नावापुढे देवाचा किंवा सूर्याचा अंश असे लिहिलेले दिसते, पण त्यातील ‘रेय’ संस्कृत कोशात त्या अर्थाने सापडत नाही. संस्कृत नावासाठी संस्कृत कोश आणि देशी नावासाठी मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी कोश उघडावा. जुन्या मराठीतील नौकांचे, वाऱ्यांचे, माशांचे शब्द तिथे इतके आहेत की दर्यावर्द्यांची निम्मी नावे तुम्हाला तिथेच मिळतील. आणि आजचा अर्थही तपासावा. अग्निवीर हा शब्द २०२२ पासून सैन्यभरतीच्या योजनेचा आहे. तो वाचताच वाचकाच्या मनात तुमचे बंदर उभे न राहता वर्तमानपत्राची बातमी उभी राहील.

आता तुमची तीन नावे. खलनायकाचा बाप तुम्ही धर्मशील न्यायाधीश दाखवला आहे, आणि मुलगा उशिरा झालेला आहे. असा बाप त्याचे नाव शीलरक्षित ठेवील, लोकांच्या तोंडी सीलरखित. तुमच्या अकराव्या प्रकरणातील जाळपोळीच्या वेळी कोणी त्याला पूर्ण नावाने पुकारले, तर तेवढे पुरे आहे. अर्थाचे स्पष्टीकरण तिथे देऊ नका.

परदेशी मित्र हुमिथ्र असू द्या. तो जहाजावरून उतरला की धक्क्यावरचे हमाल पहिल्या दिवशी त्याला उमित म्हणतील, आणि वर्षाच्या आत तो उमाजी होईल. त्याच्या आईचे पत्र येते त्या प्रसंगात, दोन वर्षांनी प्रथमच, त्याला स्वतःचे मूळ नाव वाचायला मिळू द्या.

नायकाच्या बाबतीत उत्तर तुम्ही स्वतःच पहिल्या प्रकरणात लिहून ठेवले आहे, फक्त ते तुमच्या लक्षात आलेले नाही. त्याच्या आधी तीन भावंडे दगावली, असे तिथे एक वाक्य आहे. आपल्याकडे ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, भिकू, केरू असे ठेवत. मृत्यूची किंवा वाईट दृष्टीची नजर त्याच्यावर पडू नये, हे मूल कोणाला हवेसे नाही असे तिला वाटावे, म्हणून. इतक्या प्रेमाने ठेवलेली नावे दुसरी नसतील. तीन मुले गमावलेली ती कोळीण आपल्या चौथ्या मुलाला अग्निवीर म्हणण्याचे धाडस करणार नाही. तिने त्याला केरू म्हटलेले असेल. पुढे बंदर वाचवल्यावर नगर त्याला काही मोठे नाव देईल. देवगिरीच्या यादवांच्या मूळ पुरुषाचे दृढप्रहार हे नाव, ज्याचा घाव पक्का असतो तो, अशाच वळणाचे आहे, आणि कर्णही आधी वसुषेण होता, भीष्म आधी देवव्रत. ते मोठे नाव कोणते असावे हे त्या नगराच्या भाषेवरून तुम्ही ठरवा. सत्काराच्या प्रसंगी ते नाव पुकारले जाईल तेव्हा आई गर्दीत मागे उभी असेल, आणि ती ते नाव घेणार नाही. घरी परत आल्यावर ती त्याला केरूच म्हणेल, तेही दार लावून घेतल्यानंतर, हळू आवाजात.